भाकरी, शेंगाचटणी आणि यम-नियम : सोलापुरात योग घरी आणू पाहणाऱ्यांसाठी

सात वर्षांपूर्वी मी योगवर्गाला जायला लागले ते पित्तापायी. सुताच्या पेढीवर हिशेबाचं काम, दिवसभर बैठक, सहा-सात कप चहा आणि रात्री साडेदहाला जेवण. वर्ग पहाटे सहाचा. महिन्याभरात पाठ मोकळी झाली, झोप बरी लागायला लागली, पण पित्त होतं तिथंच होतं. बाईंना विचारलं (आमच्या योगशिक्षिकेला आम्ही सगळे बाईच म्हणतो), तर त्यांनी उलट दोनच प्रश्न केले. रात्री किती वाजता जेवतेस? आणि जेवताना कुणाशी काय बोलतेस? पहिल्याचं उत्तर मी लगेच दिलं. दुसऱ्याला थबकले. कारण आमच्या घरात ताटं वाढली की पोराच्या अभ्यासाचा विषय निघायचा आणि शेवटचा घास रोज भांडणातच उतरायचा.

तिथून पुढे वर्षभर मी बऱ्याच चुका केल्या. पुस्तकातल्या याद्या घरावर लादल्या, पैसे भरून भलते कार्यक्रम केले, घरच्यांना दुखावलं. तुम्ही नुकती सुरुवात करत असाल, २१ जूनच्या योगदिनाला मैदानावर गेला असाल आणि आता ‘पुढे काय’ हा प्रश्न पडला असेल, तर माझं ते वर्ष तुमचं तरी वाचावं म्हणून हे सगळं पायरीपायरीनं लिहिते आहे.

आधी जवळ काय असावं

- एक साधी दोनशे पानी वही आणि पेन. मोबाइलमध्ये लिहू नका. जेवताना तो हातात नसणं हाच पुढे अभ्यासाचा भाग आहे.
- जमिनीवर बसायला पाट किंवा घडी घातलेली सतरंजी. आपल्या सोलापुरी चादरीची चौघडी उत्तम होते. गुडघे दुखत असतील तर खुर्ची. त्यात काही कमीपणा नाही.
- स्वतःचं एक ठरलेलं ताट आणि एक वाटी. मात्रा कळायला रोज तेच भांडं लागतं.
- मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, आम्लपित्ताची गोळी चालू असेल तर गेल्या सहा महिन्यांचे रिपोर्ट आणि डॉक्टरांशी एकदा सरळ बोलणं. जेवणाच्या वेळा बदलल्या की गोळ्यांच्या वेळा बदलाव्या लागतात, आणि ते त्यांनीच ठरवायचं.

महागडी चटई, ज्यूसर, पावडरचे डबे, डिटॉक्सच्या बाटल्या यातलं काही लागत नाही. मी यातल्या तीन वस्तू घेतल्या होत्या. तिन्ही माळ्यावर आहेत.

१. आठ अंगांचा क्रम एकदा नीट बघा

योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी सांगितलेली योगाची आठ अंगं अशी : यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. आपण ज्याला ‘योगा’ म्हणतो ते आसन तिसऱ्या जागेवर आहे आणि सगळ्या योगसूत्रांत आसनावर सूत्रं आहेत अवघी तीन. त्याच्या आधी दोन अंगं येतात. पाच यम : अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणं), ब्रह्मचर्य, अपरिग्रह (गरजेपेक्षा जास्त न साठवणं). पाच नियम : शौच (स्वच्छता), संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान (सगळं ईश्वराला अर्पण करणं). यम म्हणजे आपण दुसऱ्याशी कसं वागतो, नियम म्हणजे स्वतःशी कसं वागतो, असं बाईंनी सोपं करून सांगितलं होतं आणि मला ते अजून पुरतं.

आणखी एक लक्षात ठेवा. योगसूत्रांत काय खावं, काय खाऊ नये याची यादी नाही. खाण्याचा विचार येतो तो गीतेच्या सहाव्या आणि सतराव्या अध्यायात आणि पुढे हठयोगाच्या ग्रंथांत. कुणी ‘पतंजलींनी कांदा वर्ज्य सांगितलाय’ म्हणालं तर त्याला सूत्राचा क्रमांक विचारा.

२. पहिला आठवडा काहीही बदलू नका, नुसतं लिहा

स्वाध्याय या शब्दाचा जुना अर्थ मोक्षशास्त्रांचं अध्ययन आणि जप असा आहे. पण स्वतःचं रोजचं वागणं वाचणं हीही त्याचीच सुरुवात, असं बाईंचं म्हणणं. म्हणून सात दिवस वहीत पाच रकाने ओढा : किती वाजता, काय, किती, भूक होती का, आणि मन कसं होतं.

पाचवा रकाना टाळू नका, सगळी गंमत तिथंच आहे. माझ्या पहिल्या आठवड्याच्या पानांवर ‘ओट्यापाशी उभ्यानं’ असं नऊ वेळा लिहिलेलं आहे. पोराच्या ताटात उरलेली भाजी, तव्यावरची अर्धी भाकरी, डब्यातला मूठभर चिवडा. हे मी जेवण म्हणून कधी मोजलंच नव्हतं. चहाचं तर असं होतं की अकराचा आणि चारचा सोडला, तर बाकीच्या प्रत्येक कपापुढे ‘भूक नाही, कंटाळा’ असं लिहिलेलं होतं.

इथं सत्य हा यम कामाला येतो. वही कुणाला दाखवायची नाही, त्यामुळं खोटं लिहायचं कारणही नाही. तरी हात आखडतो. लपवून खाल्लेली शेंगापोळी लिहायला मला तीन दिवस लागले.

३. मात्रा ठरवा

घेरंडसंहिता या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात पोटाचा हिशेब दिला आहे : अर्धं पोट अन्नाचं, एक भाग पाण्याचा आणि चौथा भाग वायूला फिरायला मोकळा. हठयोगप्रदीपिकेतही मिताहार म्हणजे स्निग्ध, मधुर आणि पोटाचा चौथा हिस्सा रिकामा ठेवून घेतलेला आहार असंच सांगितलं आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात हेच आपल्या भाषेत आहे : ‘आहार तरी सेविजे । परी युक्तीचेनि मापें मविजे ।’ माप लावायचं, पण अकलेनं.

पोटाचा चौथा भाग रिकामा आहे हे ओळखायचं कसं? मी असं केलं. पहिला आठवडा जेवढं जेवत होते तेवढंच एकदम ताटात वाढून घेतलं. माझ्या बाबतीत ते अडीच भाकरी, वाटीभर आमटी, भाजी आणि वर भात. दुसऱ्या आठवड्यात दोन भाकरींनंतर थांबून पाच मिनिटं नुसतं बसले. पाच मिनिटांनी भूक असेल तर घ्यायचं, अगदी निःसंकोच. दहापैकी सात वेळा नको वाटलं. कडक भाकरी असेल तर जास्त सांभाळा. ती कोरडी आणि हलकी लागते म्हणून हात थांबत नाही, आणि पाणी प्यायल्यावर पोटात फुगते.

ज्वारीचं आपलं नशीब मोठं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी आपल्या दारात येते. परगावचे लोक ती मागवून खातात. तेव्हा ‘योगाचं खाणं’ म्हणून ओट्सच्या मागे लागू नका. रोजचीच भाकरी माफक आणि ताजी खा. बास.

इशारा : मात्रा कमी करणं म्हणजे उपाशी राहणं नव्हे. गीतेच्या सहाव्या अध्यायातला सोळावा श्लोक दोन्ही बाजूंनी बोलतो. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. लोक अर्धाच श्लोक सांगतात.

४. वेळ सरकवा, पण पंधरा-पंधरा मिनिटांनी

नवी पेठेतलं दुकान रात्री नऊला बंद करून घरी येणाऱ्या माणसाला ‘सूर्यास्तापूर्वी जेवा’ सांगणं निरुपयोगी आहे. माझं जेवण साडेदहावरून साडेआठवर यायला चार महिने लागले. दर पंधरवड्याला पंधरा मिनिटं. त्यापेक्षा घाई केली की घर बिथरतं.

ज्यांना वेळ सरकवणं शक्यच नाही त्यांनी जेवण दोन ठिकाणी वाटावं. आमच्या शेजारचे काका यंत्रमागावर पाळीनं काम करतात. ते सहा-साडेसहाला कारखान्यातच एक भाकरी आणि उसळ खातात आणि रात्री घरी येऊन नुसतं ज्वारीच्या कण्यांचं पातळ आणि ताक घेतात. रात्रपाळी असेल तर त्यांचा दिवसच उलटा, मग त्यांचं ‘रात्रीचं जेवण’ सकाळी. झोपेआधी दोन-अडीच तास पोट मोकळं असावं, एवढं धरलं तरी चालतं.

आसनांचंही इथंच सांगते. पोटभर जेवणानंतर साडेतीन-चार तास आसनं नकोत, वज्रासन तेवढं चालतं, तेही गुडघे धड असतील तर. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ च्या वर जातो. त्या दिवसांत अभ्यास सहाच्या आत उरका आणि कपालभाती, भस्त्रिका या श्वासाच्या क्रियांचा जोर कमी करा. उच्च रक्तदाब, हर्निया, गरोदरपण असेल तर या दोन्ही क्रिया शिक्षकाला आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नका.

५. सात्त्विक, राजस, तामस : इथं जपून

सगळ्यात जास्त घोटाळा याच पायरीवर होतो, म्हणून जरा थांबून लिहिते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात आठ ते दहा या तीन श्लोकांत आहाराचे तीन प्रकार आले आहेत. सात्त्विक म्हणजे आयुष्य, बळ, आरोग्य, सुख वाढवणारा. रसाळ, स्निग्ध, टिकाऊ, मनाला भावणारा. राजस म्हणजे अति कडू, आंबट, खारट, अति गरम, तिखट, कोरडा, जळजळ करणारा. तामस म्हणजे शिजवून बराच वेळ गेलेला, रस गेलेला, वास मारणारा, शिळा, उष्टा. तुम्हीच बघा, यात पदार्थांची नावं नाहीत. गुण सांगितले आहेत आणि ‘अति’वर बोट ठेवलं आहे.

पदार्थांची नावं येतात हठयोगप्रदीपिकेत. तिथली अपथ्याची यादी वाचून मी हबकले होते. लसूण, हिंग, मद्य, मासे, मांस हे अपेक्षित होतं. पण त्यात दही आहे, ताक आहे, तीळ आणि मोहरी आहे, हिरव्या पालेभाज्या आहेत, आणि कुलत्थ म्हणजे आपले हुलगेसुद्धा आहेत. पथ्याच्या यादीत गहू, तांदूळ, जव, दूध, तूप, मध, सुंठ, पडवळ, मूग. ज्वारीचं नावही नाही. म्हणजे ही यादी जशीच्या तशी लावली तर सोलापूरच्या घरातून हुलग्यांचं माडगं गेलं, ताक गेलं, भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी गेली आणि भाकरीही गेली.

मी ती लावली. पहिला बळी शेंगाचटणीचा.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्याकडे चटणी अजून उखळात होते. आत्या आधी शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजतात, गार झाले की चोळून सुपात पाखडतात, मग लाल तिखट, मीठ, जिरं आणि सालासकट लसूण घालून कुटायला बसतात. मुसळाचा आवाज आधी कोरडा येतो, मग जड होत जातो, आणि शेंगदाण्याला तेल सुटलं की चटणी उखळाच्या कडेनं पापुद्र्यासारखी दाबली जाते. तो आवाज बदलला की आत्या हात थांबवतात, चव बघत नाहीत. मी त्या दिवशी म्हणाले, आत्या, यापुढे लसूण नको, तिखटही निम्मं घाला. त्या काही बोलल्या नाहीत. बिनलसणाची चटणी केली, सगळ्यांना वाढली. पाचव्या दिवशी मला दिसलं की त्यांच्या स्वतःच्या ताटात चटणी नव्हतीच. सत्तरीच्या बाई भाकरीवर तेल आणि चिमूटभर मीठ घेऊन जेवत होत्या.

त्या रात्री वहीत मन कसं होतं या रकान्यात मला काही लिहिता आलं नाही. यमांच्या यादीतला पहिला शब्द अहिंसा, आणि मी पाच दिवस घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कोरडा घास गिळायला लावला होता.

बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी त्याच हठयोगप्रदीपिकेतला दुसरा श्लोक काढून दाखवला. योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी : अत्याहार, प्रयास, प्रजल्प, नियमाग्रह, जनसंग आणि लौल्य. म्हणजे अति खाणं, अति दगदग, बडबड, नियमांचा हट्ट, माणसांचा अति गराडा आणि चंचलपणा. ‘नियमाग्रह’ची फोड दोन प्रकारे करतात. काहीजण नियम न पाळणं असा अर्थ घेतात, काहीजण नियमाला चिकटून बसणं असा. बाई म्हणाल्या, तुला सध्या दुसरा अर्थ लागू आहे.

ती यादी एकांतात, कुटीत राहून दिवसाचे कित्येक तास प्राणायाम करणाऱ्या साधकासाठी आहे. पेढीवर बसणाऱ्या, पोरं वाढवणाऱ्या, मे महिन्यात सोलापुरात राहणाऱ्या माणसानं ताक सोडणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. माझा आजचा प्रघात असा आहे :

ताजेपणा हा पहिला निकष. सकाळची भाजी रात्री चालते, तिसऱ्या दिवशीची फ्रीजमधली नाही. शिळ्या भाकरीचा काला ताकात कुस्करून मी आवडीनं खाते, कारण तो मला बाधत नाही. कडक भाकरी तर टिकण्यासाठीच केलेली, तिला शिळी म्हणणं चूक. तिखट निम्म्यावर आणलं, पण फक्त माझ्या ताटातलं. चटणी दोन चमच्यांऐवजी एक आणि त्यावर घाण्याचं शेंगतेल. आत्यांच्या चटणीत लसूण परत आला. बाहेरचं तळलेलं आठवड्याला एकदा, तेही ताज्या घाण्याचं.

मांसाहाराबद्दल लोक विचारतातच. अहिंसेची दिशा कुठं जाते ते स्पष्ट आहे आणि मी स्वतः चार वर्षांपूर्वी सोडलं. पण आमच्या घरी रविवारी मटण शिजतं, नवरा आणि मुलगा खातात, मी भाकरी थापून देते आणि त्या ताटाकडे बघून तोंड वाकडं करत नाही. तुमचा निर्णय तुमच्या ताटापुरता ठेवा. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी घरं एका गल्लीत राहतात अशा गावात दुसऱ्याच्या चुलीवर मत देणं फार लवकर जखम करतं.

६. अस्तेय आणि अपरिग्रह : पाण्याच्या दिवशी शिका

चोरी न करणं म्हटलं की आपल्याला वाटतं, हे तर आपण करतच नाही. मलाही तसंच वाटायचं.

आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. पाणी यायचा दिवस म्हणजे घरात धावपळ : पिंपं, घागरी, पातेली, हौद. आमच्या बोळात सगळे नळाला थेट मोटर लावत. आम्हीही. मोटर सुरू झाली की आमची टाकी वीस मिनिटांत भरायची आणि बोळाच्या टोकाच्या घरात नळाला नुसती हवा यायची. तिथं विड्या वळणाऱ्या दोघी मायलेकी राहत. त्या घागर घेऊन आमच्याच दारात यायच्या आणि मी मोठ्या मनानं त्यांना दोन घागरी द्यायचे. अस्तेयावरचं प्रकरण वाचत असताना एके दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला, की जे मी देत होते ते त्यांचंच होतं.

मोटर काढली. टाकी आता अर्धीच भरते आणि तेवढ्यात भागतं. बोळातल्या सगळ्यांनी काढली असं नाही. दोन घरांनी काढली. पण टोकाच्या घरात आता बारीक धार येते.

तुम्हाला करायचं ते असं : एक आठवडा स्वतःच्या घरात दुसऱ्याच्या वाट्याचं काय येतं ते बघा. पाणी, कामवालीचा वेळ, रांगेतली जागा, भाजीवालीकडून फुकट मागितलेली कोथिंबीर. आवाज न करता एक गोष्ट थांबवा.

अपरिग्रहासाठी स्वयंपाकघराचा एकच फडताळ उघडा. माझ्या फडताळात अर्धे उघडलेले अकरा मसाले होते, पैकी चार जाळी धरलेले. सवलतीत घेतलेलं ज्यादा सामान हे शेवटी कचऱ्यात जातं किंवा ‘संपवायचं म्हणून’ आपल्या पोटात. आता मी धान्य वर्षाचं भरते, कारण ज्वारी भरून ठेवण्यात शहाणपण आहे, पण बाकीचं किराणा महिन्याचंच आणि लक्ष्मी मंडईतून भाजी तीन दिवसांची.

ब्रह्मचर्याबद्दल गृहस्थानं संयम एवढा अर्थ घ्यावा आणि पुढे जावं.

७. पहिले पाच घास गप्प

प्रत्याहार म्हणजे इंद्रियांना त्यांच्या विषयांपासून मागे घेणं. ऐकायला अवघड वाटतं. ताटावर मात्र तो सोपा करता येतो : टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि पहिले पाच घास कुणी बोलायचं नाही. सगळं जेवण मौनात करायचा हट्ट धरू नका, घर म्हणजे आश्रम नव्हे. पाचच घास.

‘वदनी कवळ घेता’ आपल्यापैकी बहुतेकांना शाळेपासून पाठ आहे. ते म्हणा. आपण ते इतक्या घाईनं म्हणतो की ‘उदरभरण नोहे, जाणिजे यज्ञकर्म’ या शब्दांवर कधी थांबत नाही. ईश्वरप्रणिधान आणि ताट यांची गाठ इथंच पडते. ज्यांना श्लोक नको असेल त्यांनी नुसतं ताटाकडे बघावं.

पहिला घास नुसत्या भाकरीचा घ्या, काही न लावता. बत्तीस वेळा चावा वगैरे मोजणी नको. ज्वारीची गोडी जिभेवर येईपर्यंत चावायचं. माझ्या पोराला आठ दिवसांनी ती गोडी सापडली आणि त्यानं विचारलं, आज पिठात साखर घातली का?

आणि अभ्यासाचा विषय ताटावर काढायचा नाही, हा आमच्या घरातला सगळ्यात अवघड नियम ठरला. मोडतो अजूनही. पतंजलींनी त्यावर एक उपाय दिला आहे, ‘वितर्कबाधने प्रतिपक्षभावनम्’. उलटा विचार उसळला की त्याच्या विरुद्ध बाजूचा विचार मुद्दाम मनात आणायचा. गणितात कमी मार्क आले हे ओठांवर आलं की मी त्याच्याबद्दलची एक चांगली गोष्ट आठवते. आठवेपर्यंत घास संपतो आणि वाक्यही विरून जातं.

८. उपवास करताना

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. एकादशी घरोघरी असते आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हेही घरोघरी. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, रताळ्याच्या तळलेल्या चकत्या. हे उपवासाचे पदार्थ असतील, पण त्यात तप कुठंच नाही. एकादशीला मी आता भगर आणि शेंगदाण्याची आमटी एकदाच घेते, संध्याकाळी फळ आणि दूध. डाळिंबाच्या दिवसांत डाळिंब.

दुसऱ्या टोकाचा सापळा जास्त धोक्याचा आहे. मी एकदा ऑनलाइन पैसे भरून शरीरशुद्धीचा सात दिवसांचा कार्यक्रम घेतला होता. फक्त रस आणि कोमट पाणी. मे महिना. चालवणाऱ्यांनी वय विचारलं नाही, आजार विचारले नाहीत, गाव कोणतं आणि तिथं ऊन किती तेही नाही. चौथ्या दिवशी पेढीवर उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसले. सलाईन लागलं. त्यांना कळवलं, तर उत्तर आलं की शरीरातली विषं बाहेर पडताना असं होतं.

तेव्हा हे पक्कं लक्षात ठेवा : मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास नाही. उन्हाळ्यात पाणी तोडायचं नाही. चक्कर, थरथर, छातीत धडधड झाली तर उपवास तिथंच सोडायचा, पारण्याची वाट बघायची नाही. आणि जो तुमचे आजार न विचारता तुम्हाला उपाशी ठेवतो त्याला पैसे देऊ नका.

९. सण, हुरडा आणि पाहुणे

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, त्याच सुमारास हुरडा, येळवशीला (वेळ अमावास्येला) रानात भज्जीची मिश्र भाजी आणि आंबील. नवशिके या दिवसांत घाबरतात आणि डबा बरोबर नेतात. नेऊ नका. शेकोटीतून काढलेलं गरम कणीस कुणी तळहातावर चोळून दाणे तुमच्या हातात देत असेल, तर ते घ्या, तिथंच मातीत बसून खा. संतोष हा नियम अशा वेळीच कळतो. पुढच्या जेवणाला भूक लागेपर्यंत थांबा, एवढंच.

आग्रह करणाऱ्यांना ‘मी योग करते म्हणून खात नाही’ असं कधी सांगू नका. पोट भरलं, फार छान झालं होतं, एवढं पुरतं.

१०. खंड पडला तर

पडतोच. लग्नसराईत माझे दोन-दोन महिने वाया गेले आहेत. अभ्यास पक्का कसा होतो याबद्दल योगसूत्रात तीन अटी आहेत : दीर्घ काळ, खंड न पडता, आणि आदरानं. मधल्या अटीवर मी अजून नापासच होते, म्हणून पहिली आणि तिसरी घट्ट धरली आहे.

खंड पडल्यावर सोमवारची किंवा एक तारखेची वाट बघू नका. पुढचं जेवण कधी आहे? त्या ताटापासून सुरू करा. सगळ्या दहा पायऱ्या एकदम नकोत. वही आणि पहिले पाच घास या दोनच परत धरा, दोन आठवडे. मग वेळ, मग मात्रा. काय खावं, काय खाऊ नये या यादीकडे सगळ्यात शेवटी वळा.

वहीचं पहिलं पान आजच ओढून ठेवा. किती वाजता, काय, किती, भूक होती का, मन कसं होतं. आणि पाण्याचा दिवस असेल तर कडेला ‘पाणी’ असं लिहा. त्या दिवशीचं जेवण नेहमी उशिरा आणि चिडून होतं, महिन्यानं मागं वळून बघताना ती खूण उपयोगी पडते.